शोधनाने बिब्ब्याचं विष किती उतरलं? आर्टेमियावरची चाचणी, पायरीपायरीने

बिब्बा, काजरा, गुंज, बाहेरून येणारा बचनाग. औषधात घालण्याआधी यांचं शोधन, म्हणजे विष उतरवण्याचे संस्कार, करायचं हे पोथीत आहे आणि जाणता वैद्य ते करतोही. पण शोधनानंतर विष किती उतरलं, हे रंगावरून किंवा वासावरून कळत नाही. इथे दिलेली चाचणी त्याचा आकडा देते. तिला प्राणिगृह लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीच्या कुठल्याही विज्ञान किंवा फार्मसी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती आठवडाभरात बसवता येते. कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांचं खाद्य म्हणून आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव वापरतात. त्याचीच नुकती फुटलेली पिल्लं, म्हणजे नॉप्लियस, अर्काच्या वेगवेगळ्या मात्रांत २४ तास ठेवायची आणि मेलेली मोजायची.

एक गोष्ट आधीच पक्की करा. 'हे औषध सुरक्षित आहे का' या प्रश्नाचं उत्तर ही चाचणी देत नाही. 'कच्च्या मालापेक्षा शोधित माल किती पट सौम्य झाला' याचं उत्तर देते, आणि तेही दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या सिस्टवर (आर्टेमियाच्या सुक्या अंड्यांवर), एकाच पाण्यात तपासले तरच. कच्चा नमुना मार्चमध्ये आणि शोधित जुलैमध्ये तपासून केलेली तुलना फुकट गेली असं समजा.

कोणती वनस्पती घ्यावी

सुरुवातीला बिब्बाच घ्या. त्याच्या टरफलातलं तेल, त्यातली भिलावानॉल वर्गातली फिनॉलं, मेथॅनॉलमध्ये सहज उतरतात आणि नॉप्लियसला जाचतात. कच्च्या आणि शोधित मालातला फरक त्यामुळे स्पष्ट दिसतो.

काजऱ्यावर मात्र या चाचणीने फसगत होते. कोकणच्या रानात काजरा मुबलक, म्हणून विद्यार्थी तोच आधी उचलतात. त्यातलं स्ट्रिक्निन माणसाच्या मज्जारज्जूत ग्लायसीनचे ग्राही अडवतं आणि झटके आणतं. पिल्लू मेलं की जगलं एवढंच पाहणाऱ्या चाचणीत या विषाचं खरं मोजमाप होत नाही. शोधित काजऱ्यात आर्टेमिया मजेत पोहतोय म्हणून काजरा शुद्ध झाला, असं लिहिणारा प्रबंध परीक्षकाने परतच पाठवायला हवा. काजऱ्यासाठी स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन यांची मात्रा एचपीएलसी किंवा एचपीटीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रांवर, मोजणं हाच मार्ग.

गुंज तर महाविद्यालयीन प्रयोगशाळेत दळूच नका. तिचं विष, अ‍ॅब्रिन, हे प्रथिन आहे आणि भुकटी श्वासातून आत जाणं घातक. शिवाय प्रथिन असल्यामुळे मेथॅनॉलच्या अर्कात ते शाबूत उतरत नाही. म्हणजे न शोधलेली गुंजसुद्धा या चाचणीत निरुपद्रवी ठरू शकते.

नमुना

बिब्बे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पिकतात. झाडाची पानाफळांसकट वाळवलेली फांदी नोंद क्रमांकासह महाविद्यालयाच्या वनस्पतीसंग्रहात ठेवा. बाजारातून आणलेल्या मालाला हा आधार नसतो. जुन्या नियमाप्रमाणे पाण्यात टाकून बुडणारी फळंच घ्या. तरंगणारी पोचट किंवा किडकी असतात. अशी ५०० ग्रॅम फळं नीट कालवून दोन सारखे वाटे करा: अर्धी कच्ची राहतील, अर्ध्यांचं शोधन होईल. दोन वेगळ्या झाडांची फळं दोन बाजूंना गेली तर आलेला फरक शोधनाचा की झाडाचा, हे कधीच कळणार नाही.

पावसाळ्यात साठवलेला माल घेऊ नका. कोकणातल्या दमट हवेत गोणीतल्या फळांना महिन्याभरात बुरशी धरते आणि आर्टेमिया बुरशीच्या विषांना, विशेषतः अफ्लाटॉक्सिनला, चांगलाच संवेदनशील आहे. मग मोजलं जातं बुरशीचं विष आणि नाव लागतं बिब्ब्याचं. दोन्ही वाटे ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

हाताची काळजी आधी. बिब्बा उतला की फोड येतात आणि आठवडाभर निस्तरावं लागतं. नायट्राइलचे दोन हातमोजे एकावर एक, मनगटापर्यंत खोबरेल, डोळ्यांना चष्मा, आणि गरम करायचं काम धूरपेटीतच (वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच), कारण वाफही चेहऱ्यावर उतते. आंब्याचा चीक किंवा काजूच्या टरफलाचं तेल ज्याला बाधतं त्याने या कामात हातच घालू नये. तिन्ही एकाच कुळातले आहेत.

शोधन

पद्धती अनेक आहेत. पुष्कळ ठिकाणी चालते ती अशी: टोपी काढलेली फळं ७ दिवस गोमूत्रात, ७ दिवस गाईच्या दुधात, रोज द्रव बदलून, मग विटेच्या भुकटीबरोबर जाड पिशवीत घालून चोळायची, भुकटी तेलकट झाली की नवी घ्यायची, शेवटी गरम पाण्याने धुऊन वाळवायची. जी पद्धत निवडाल ती शेवटपर्यंत तीच ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी आकडा लिहा: किती ग्रॅम फळांना किती मिली द्रव, भुकटी किती, किती वेळ चोळलं. 'यथाविधी शोधन केले' या शब्दांवरून दुसऱ्या कुणाला प्रयोग करता येत नाही. विटेऐवजी अंगणातल्या जांभ्याची भुकटी वापरायची शक्कल इकडे हमखास निघते. जांभा वेगळ्या पोताचा दगड आहे, तेल वेगळ्या प्रमाणात शोषतो. तो वापरायचाच तर वेगळा प्रयोग म्हणून वापरा.

तेल ओढून घेण्याचं काम नेमकं कोण करतं हे पाहायचं असेल तर प्रत्येक टप्प्यानंतर २० ग्रॅम फळं बाजूला काढा: गोमूत्रानंतर, दुधानंतर, विटेनंतर. सगळ्या प्रयोगातला बघण्यासारखा भाग हाच आहे. पहिल्या खेपेला मात्र कच्चा आणि पूर्ण शोधित एवढेच दोन नमुने पुरेत.

याच्या जोडीला एक कोरा नमुना लागतो आणि तो बहुतेक जण विसरतात. सर्जिकल कापसाचे बोळे त्याच गोमूत्रातून, त्याच दुधातून, त्याच भुकटीतून काढा, वाळवा आणि बिब्ब्यासारखाच त्यांचाही अर्क करा. गोमूत्रातले क्षार आणि अमोनिया पिल्लांना मारू शकतात. हा कोरा नमुना नसेल तर 'शोधनानंतरही विषारीपणा उरला' आणि 'शोधनाच्या द्रवाचा विषारीपणा आत शिरला' यांतला फरक सांगता येणार नाही.

अर्क

बिब्बा मिक्सरमध्ये टाकू नका. तेलाने पाती चिकटतात आणि ते भांडं पुन्हा कशाच्या कामाचं राहत नाही. अडकित्त्याने फळाचे चार तुकडे करा, मग खलात कुटा. अडकित्ता आणि खल दोन्ही कायमचे याच कामाला ठेवा.

कुटलेली १० ग्रॅम भुकटी बुचाच्या काचेच्या चंबूत १०० मिली मेथॅनॉलमध्ये २४ तास ठेवा, अधूनमधून हलवा, व्हॉटमन १ नंबरच्या कागदातून गाळा. उरलेल्या चोथ्यावर आणखी दोनदा तेच. तिन्ही गाळ एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना आटवा. ते नसेल तर धूरपेटीत पाण्याच्या टबावर आटवा, पण जवळ ज्योत नको; मेथॅनॉलची वाफ झटकन पेटते. मग डेसिकेटरमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. घाईत अर्कात मेथॅनॉल राहिलं तर ते पिल्लांना थेट बाधतं आणि अर्काचं वजनही खोटं येतं. किनाऱ्याजवळच्या प्रयोगशाळेत अर्क तराजूवर ठेवल्या ठेवल्या दमट हवा ओढतो आणि आकडा वर सरकत राहतो, म्हणून वजन झटपट करा, कुपीचं बूच लगेच लावा.

१० ग्रॅम मालातून अर्क किती मिळाला तो आकडा जपून ठेवा. शेवटच्या हिशेबात त्यावरच सगळं फिरतं.

पाणी

खाडीचं पाणी वापरू नका. जूनपासून पाऊस सुरू झाला की खाडीची क्षारता दर आठवड्याला बदलते, आणि उन्हाळ्यातही भरती-ओहोटीनुसार वेगळी असते. उघड्या समुद्रातलं पाणी गाळून वापरता येतं, पण बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो. कृत्रिम समुद्रपाणी करणं सोपं आणि दर वेळी सारखं. एक लीटरसाठी:

सोडियम क्लोराइड २४ ग्रॅम
मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट १०.८ ग्रॅम
निर्जल सोडियम सल्फेट ४ ग्रॅम
कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.५ ग्रॅम
पोटॅशियम क्लोराइड ०.७ ग्रॅम
सोडियम बायकार्बोनेट ०.२ ग्रॅम

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार वेगळ्या भांड्यात विरघळवा आणि बाकीचं सगळं विरघळल्यावर, ढवळत ढवळत, सर्वांत शेवटी ओता. सगळं एकदम कोरडं टाकलं तर पाणी गढूळ होतं आणि कॅल्शियम तळाशी बसतं. रात्रभर हवा सोडा, पीएच ८ ते ८.२ आला की पाणी तयार. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली द्रव्यं असतात. ते चालत नाही. शिरोड्याच्या मिठागरातलं खडं मीठही नको. १९३० च्या सत्याग्रहामुळे त्याचा मान मोठा, पण त्यातला चिखल आणि मॅग्नेशियम दर हंगामाला वेगळं. मत्स्यालयाच्या दुकानातलं समुद्री मीठ लीटरला ३५ ग्रॅम घेतलं तरी काम भागतं.

पिल्लं काढणं

सिस्टचा डबा हॅचरीच्या पुरवठादाराकडे मिळतो. डब्यावर प्रजाती काय लिहिली आहे ती उतरवून घ्या. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची सिस्ट आर्टेमिया फ्रान्सिस्काना या प्रजातीची असतात, पण प्रबंधांतून सर्रास आर्टेमिया सलिना लिहिलेलं दिसतं. डबा फोडल्यावर उरलेली सिस्ट घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलसह फ्रिजमध्ये ठेवा. जुलैच्या हवेत उघडा राहिलेला डबा ओल धरतो आणि पुढच्या खेपेला निम्मीही सिस्ट फुटत नाहीत.

अर्धा लीटर समुद्रपाण्यात पाव ग्रॅम सिस्ट पुष्कळ झाली. तळाशी निमुळती होणारी बाटली घ्या; प्लास्टिकची बाटली उलटी करून बूड कापलं तरी चालते. मत्स्यालयाच्या पंपाने तळातून हवा इतकी सोडा की सिस्ट खाली बसणार नाहीत. वरून दिवा चालू, तापमान २६ ते २८ अंश. १८ ते २४ तासांत पिल्लं फुटू लागतात. वीज गेली आणि पंप थांबला तर दाटीत पिल्लं गुदमरतात, म्हणून पावसाळ्यात बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी असू द्या.

२४ तासांनी हवा बंद करा, बाटली काळ्या कागदाने झाका, खालच्या बाजूला फक्त एक फट उघडी ठेवून तिथे विजेरी लावा. दहा मिनिटांत नारिंगी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली सिस्ट तळाला जातात. मधल्या थरातून पिल्लं ड्रॉपरने ओढून ताज्या समुद्रपाण्यात सोडा आणि आणखी २४ तास थांबा. हा थांबा टाळू नका. फुटल्याबरोबर पिल्लाचं तोंड आणि आतडं बंद असतं आणि ते पोटातल्या पिवळ्या बलकावर जगतं. कात टाकून दुसऱ्या अवस्थेत गेल्यावर ते पाणी गिळू लागतं आणि विषालाही जास्त लवकर बळी पडतं. काही कुप्यांत पहिल्या आणि काहींत दुसऱ्या अवस्थेतली पिल्लं गेली तर तीन सारख्या कुप्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

मात्रा आणि कुप्या

५० मिलिग्रॅम अर्क ०.५ मिली डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवा. हे १०० मिलिग्रॅम प्रति मिलीचं मूळ द्रावण. त्यातलं १५० मायक्रोलीटर आणि डीएमएसओ ३५० मिळून ३० मिलिग्रॅमचं. मूळचं ५० आणि डीएमएसओ ४५० मिळून १० चं. मग ३० च्या द्रावणाचे ५० अधिक डीएमएसओ ४५० म्हणजे ३ चं, आणि १० च्या द्रावणाचे ५० अधिक ४५० म्हणजे १ चं. या पाचांपैकी प्रत्येकातून ५० मायक्रोलीटर ५ मिलीच्या कुपीत गेलं की अंतिम मात्रा होतात १०००, ३००, १००, ३० आणि १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. डीएमएसओ सगळीकडे १ टक्काच राहतं. पातळ करण्याचं सगळं काम डीएमएसओमध्येच करायचं ते यासाठी. पाण्यात पातळ करत गेलं तर मात्रेबरोबर डीएमएसओही बदलतं आणि पिल्लं कशाने मेली ते सांगता येत नाही.

कुप्या काचेच्याच घ्या. प्लास्टिकच्या ९६ खणांच्या ताटल्यांत अर्क वाचतो खरा, पण बिब्ब्याचं तेल प्लास्टिकला चिकटतं आणि पाण्यात मात्रा लिहिल्यापेक्षा कमी राहते.

प्रत्येक मात्रेला ३ कुप्या, प्रत्येकीत १० पिल्लं. कच्च्याच्या १५, शोधिताच्या १५, नुसत्या समुद्रपाण्याच्या ३, एक टक्का डीएमएसओच्या ३, कोऱ्या नमुन्याच्या सर्वांत वरच्या मात्रेच्या ३. आणखी १५ पोटॅशियम डायक्रोमेटच्या, ज्ञात विष म्हणून. समुद्रपाण्यात १ मिलिग्रॅम प्रति मिलीचं डायक्रोमेटचं द्रावण करा आणि ५ मिलीच्या कुपीत ५०, १००, २००, ४००, ८०० मायक्रोलीटर घाला. मात्रा १०, २०, ४०, ८०, १६० होतात. एकूण ५४ कुप्या, ५४० पिल्लं. कुप्यांवर नमुन्याचं नाव न लिहिता आकडे टाका आणि किल्ली मोजणाऱ्यापासून लपवा. अर्धमेलं पिल्लू कुठल्या रकान्यात जाणार, हे नाव माहीत असलं की मनात आधीच ठरतं.

कुपीत आधी ४ मिली समुद्रपाणी, मग अर्क, आणि हलकेच गोल फिरवा. डायक्रोमेटच्या कुप्यांत, विशेषतः ८०० मायक्रोलीटरच्या, सुरुवातीचं पाणी तेवढं कमी घ्या. मग पिल्लं. उजेडासमोर ड्रॉपर धरून त्याच्या नळीतच दहा मोजा, त्याबरोबरचं पाणी अर्धा मिलीच्या आत ठेवा. डायक्रोमेटच्या वरच्या मात्रांत तर तेही शक्य तितकं थोडं. शेवटी ५ मिलीच्या खुणेपर्यंत समुद्रपाणी भरा. उलट क्रमाने, म्हणजे पिल्लं असलेल्या पाण्यात डीएमएसओचा थेंब टाकला, तर तो मिसळण्याआधीच त्याच्या वाटेतली पिल्लं मरतात. खाद्य घालू नका. कुप्या सैल झाकून २५ ते २७ अंशांना मंद उजेडात २४ तास ठेवा. मे महिन्यात खोली ३२ च्या वर जाते आणि उष्णतेत पिल्लं बलक भराभर संपवतात; नुसत्या पाण्यातलीही मरू लागतात. वातानुकूलित खोली नसेल तर कुप्यांचा ट्रे पाण्याच्या टबात ठेवून तापमान आवरा.

मोजणी

२४ तासांनी भिंगाखाली कुपी धरा. १० सेकंद न्याहाळून एकही पाय हलला नाही तर मेलं. तळाशी पडलेलं पण पाय हलवणारं पिल्लू जिवंतात धरा, मात्र वेगळी खूण करा. पुढच्या चाचणीत मात्रांची जागा ठरवायला ती खूण कामी येते. मेलेली मोजून झाली की कुपीत आयोडीनचे दोन थेंब टाका, सगळी मरतील, मग एकूण मोजा. सुरुवातीला दहा म्हणून टाकलेली नऊ किंवा अकरा निघणं नेहमीचंच. टक्केवारी या एकूण आकड्यावरून काढा.

आता हिशेब. डीएमएसओच्या कुप्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त मेली असतील तर दिवसच बाद. त्याहून कमी मेली असतील तर १९२५ पासून चालत आलेली अ‍ॅबटची दुरुस्ती लावा: नमुन्यातल्या टक्क्यांतून कंट्रोलचे, म्हणजे या डीएमएसओच्या कुप्यांतले, टक्के वजा, भागिले १०० वजा कंट्रोलचे टक्के, गुणिले १००. समजा कंट्रोलमध्ये ३० पैकी २ मेली, म्हणजे ६.७ टक्के. कच्च्या बिब्ब्याच्या ३० मायक्रोग्रॅमला ३० पैकी ११ आणि १०० मायक्रोग्रॅमला २२ मेली. दुरुस्तीनंतर ३२.१ आणि ७१.४ टक्के. निम्मी मारणारी मात्रा, म्हणजे एलसी५०, या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. मात्रांचे लॉगॅरिदम १.४७७ आणि २. पन्नास टक्के हे ३२.१ पासून ७१.४ पर्यंतच्या अंतराच्या ०.४५५ वाटेवर आहेत, म्हणून १.४७७ अधिक ०.४५५ गुणिले ०.५२३, म्हणजे १.७१५. त्याचा उलटा लॉग ५२. एलसी५० झाली ५२ मायक्रोग्रॅम प्रति मिली. (हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या नमुन्याचे नाहीत.) प्रबंधात मात्र पाचही मात्रा वापरून प्रॉबिट विश्लेषण (मात्रा आणि मृत्यू यांची रेषा बसवण्याची संख्याशास्त्रीय रीत) करा आणि ९५ टक्के विश्वासपट्टा, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो पट्टा, द्या. तीस पिल्लांवरचा हा पट्टा रुंद असतो. दोन नमुन्यांत दुपटीहून कमी फरक असेल तर त्यावर काही बांधू नका. सगळी चाचणी तीन वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी नवीन पिल्लांवर करायची. एकाच दिवशीच्या तीन कुप्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

पुढची पायरी हमखास राहून जाते. समजा शोधिताची एलसी५० आली २१०. घाईने लिहिलं जातं, विष चौपट उतरलं. पण शोधनाने अर्काचं प्रमाणही घटतं. कच्च्या एका ग्रॅममधून १८० मिलिग्रॅम अर्क आणि शोधिताच्या एका ग्रॅममधून ९० निघाला असेल, तर कच्च्याचा एक ग्रॅम ३,४६० मिली पाणी निम्मी पिल्लं मरण्याइतकं विषारी करतो आणि शोधिताचा जेमतेम ४३० मिली. म्हणजे फरक आठपटीचा. रोगी अर्क खात नाही, बिब्बा खातो, म्हणून दोन्ही आकडे द्या. शोधनात फळांचंच वजन घटलं असेल तर तेही तिसऱ्या ओळीत लिहा.

१९८२ मध्ये मायर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली तेव्हा १००० मायक्रोग्रॅमच्या खाली एलसी५० असलेला अर्क सक्रिय धरला. २००४ मध्ये क्लार्कसन आणि सहकाऱ्यांनी पायऱ्या केल्या: १०० पर्यंत तीव्र, १०० ते ५०० मध्यम, ५०० ते १००० सौम्य. या पायऱ्या अर्कांची चाळणी करण्यासाठी आहेत. 'सौम्य' आलं म्हणजे माणसाला देता येईल असा अर्थ त्यातून निघत नाही.

कुठे बिघडतं

डायक्रोमेटची एलसी५० साधारण २० ते ४० च्या पट्ट्यात यावी. तुमच्या प्रयोगशाळेचे आकडे दर वेळी एका तक्त्यावर मांडत जा. एखाद्या दिवशी तो आकडा नेहमीच्या जागेपासून दूर गेला तर बिब्ब्याचे आकडे कितीही छान दिसले तरी बाजूला ठेवा. बहुधा सिस्ट जुनी असतात, नाहीतर पिल्लांचं वय चुकलेलं असतं.

१००० आणि ३०० या दोन्ही मात्रांना मृत्यू सारखेच, पण शंभर टक्के नाहीत, असं दिसलं तर अर्क विरघळलेलाच नाही. कुपी उजेडात धरा, काचेला चिकटलेले तेलकट थेंब दिसतील. अशी मात्रा हिशेबातून काढा आणि खालच्या बाजूला दोन मात्रा वाढवा.

शोधित नमुन्यात दुधाची चरबी सगळ्यात मोठा बिब्बा घालते. पाण्यावर पातळ साय येते, पिल्लं तिच्यात अडकून मरतात आणि शोधित माल कच्च्याहून जहाल ठरतो. अर्क हेक्झेनने धुऊन चरबी काढायचा मोह होईल. तो टाळा, कारण बिब्ब्याचं तेलही हेक्झेनमध्येच निघून जातं आणि शोधित माल एकदम गुणी बाळ होऊन बसतो. पृष्ठभाग भिंगाने पाहा, अडकलेली पिल्लं वेगळी नोंदवा आणि कोऱ्या नमुन्यातही तसंच होतं का ते तपासा.

रिठा, शिकेकाई यांसारख्या फेस येणाऱ्या वनस्पतींत सॅपोनिनं असतात. ती पिल्लांच्या पेशींची आवरणं फोडतात आणि एलसी५० घाबरवणारी येते, पण तोंडावाटे माणसाला त्याचा तेवढा त्रास असेलच असं नाही. पाण्याच्या काढ्यात जंतू वाढतात आणि २४ तासांत कुपीतला प्राणवायू संपतो. असा काढा ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि वास आलेल्या कुप्या मोजूच नका.

रसायनांसाठी

हीच मांडणी शुद्ध रसायनांना चालते, थोड्या फरकाने. पाण्यात विरघळणाऱ्या रसायनाला डीएमएसओ लागत नाही. उडून जाणारं असेल तर कुपी काठोकाठ भरून घट्ट बंद करावी लागते. धातूंच्या क्षारांवर मात्र भरवसा कमी. सुपारीच्या कोळे रोगावर फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लीटर पाण्याला १ किलो मोरचूद जातं, म्हणून मोरचूद तपासावं असं कुणालाही वाटेल. पण समुद्रपाण्यात तांबं क्लोराइड आणि कार्बोनेटशी बांधलं जातं, थोडं तळाशी बसतं, आणि आर्टेमिया मुळातच तांब्याला बराच सोशिक आहे. बागेतून ओढ्यात गेलेल्या मोरचुदाचा धोका या चाचणीत कमीच दिसणार. गोड्या पाण्यासाठी डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, घ्या. त्यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे.

पेशीतल्या गुणसूत्रांना धक्का बसतो का हे पाहायचं तर कांद्याच्या मुळांची चाचणी स्वस्तात होते. अलिबागचे छोटे पांढरे कांदे, मोड न आलेले, बुडाची जुनी मुळं खरवडून ७२ तास नमुन्यावर ठेवायचे, मुळांची लांबी मोजायची आणि मुळांची टोकं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहायची; नुसत्या लांबीवरून फक्त वाढ खुंटली का ते कळतं. उंदरांवरची तीव्र विषाक्तता मात्र ओईसीडी ४२३ प्रमाणे, संस्थेच्या प्राणी आचारसमितीची लेखी परवानगी हातात आल्यावरच. त्यात एका पायरीला तीन प्राणी, बहुधा माद्या, ५, ५०, ३०० किंवा २००० मिलिग्रॅम प्रति किलो यांपैकी एक मात्रा आणि १४ दिवस निरीक्षण. आर्टेमियाचा आकडा हातात असला तरी उंदराची सुरुवातीची मात्रा त्यावरून ठरवू नका. ती मार्गदर्शिकेच्या नियमाने ठरते.

उरलेलं कुठे टाकायचं

डायक्रोमेटच्या कुप्यांतलं पाणी सिंकमध्ये ओतू नका. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते लेबल लावलेल्या वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या. मेथॅनॉलचा वेगळा कॅन. विटेची तेलकट भुकटी, गोमूत्र आणि दूध यांत बिब्ब्याचं निघालेलं तेल आहे. भुकटी बागेत पसरली तर माळ्याच्या हातावर उतते. ती बंद डब्यात घातक कचऱ्याबरोबरच जाऊ द्या. उरलेली पिल्लं आणि न फुटलेली सिस्ट उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवूनच टाका. परदेशी आर्टेमिया मिठागरात शिरला की तिथल्या देशी आर्टेमियाला हुसकावतो, म्हणून जिवंत पिल्लं खाडीत किंवा मिठागराच्या कोंडीत सोडायची नाहीत. अडकित्ता आणि खल मेथॅनॉलने पुसून, वर चिठ्ठी चिकटवून कुलपात ठेवा, नाहीतर कुणीतरी त्यानेच सुपारी कातरेल.